मिसेस टॉलिव्हर यांची नोंद

अलाबामातल्या टॅलो क्रीक गावात ऑर्लीन मॅकाडूबाईंना न कळवता कुणाला मरायचीसुद्धा सोय नाही, असं लोक म्हणतात. यात अतिशयोक्ती असलीच तर थोडीच. बाई सेहेचाळीस वर्षं बॅप्टिस्ट चर्चच्या चिटणीस आहेत. कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाचा बाप्तिस्मा कधी झाला आणि त्या दिवशी ओढ्याचं पाणी किती गार होतं, सगळं त्यांच्या वह्यांत आहे. एकदा पाद्रीबुवा भर प्रवचनात म्हणाले की त्र्याण्णव सालच्या ईस्टरला आपण सगळे हॅम जेवलो होतो. बाई मागच्या बाकावरून उठल्या, वही उघडली आणि म्हणाल्या, "कोंबडी होती, रेव्हरंड. तुम्ही तीन तंगड्या खाल्ल्या होत्या." तेव्हापासून पाद्रीबुवा जुन्या आठवणी सांगताना जपून असतात.

हा नाद त्यांना लागला १९६१ साली, अठराव्या वर्षी, कोर्टाच्या गॅलरीत बसून. खाली गोरे, वर काळे, अशी तेव्हाची रीत. आरोपीच्या पिंजऱ्यात क्लिओफस मॅकाडू नावाचा वीस वर्षांचा पोरगा होता. कापसाच्या गोदामाला आग लावल्याचा आळ त्याच्यावर होता, आणि आग लागली त्या संध्याकाळी तो बारा मैलांवर मावशीच्या घरी जेवत होता. तो खटला लढवायला बर्मिंगहॅमहून व्हर्नन लॅटिमोर वकील आले.

लॅटिमोर वकील पुढे फार मोठे झाले. पण त्या वेळी बघाल तर ठेंगणे, सदा सर्दी झालेले, पोटाचा त्रास म्हणून दर तासाला ताक पिणारे. आवाज असा की पहिल्या रांगेतल्या माणसालाही कान टवकारावे लागत. आणि तीन दिवस ते एकच वाक्य बोलत राहिले: "नोंद व्हावी, जजसाहेब." जजने आक्षेप फेटाळला, नोंद व्हावी. साक्षीदाराला बोलू दिलं नाही, नोंद व्हावी. ज्यूरीतले बारा गोरे गृहस्थ जांभया देत होते. खुद्द क्लिओफस दुसऱ्या दिवशी जेवणानंतर चक्क डुलक्या काढत होता.

ऑर्लीन रडकुंडीला आली होती. वकिलांचा मुक्काम तिच्याच घरी होता, कारण गावातलं एकुलतं एक हॉटेल गोऱ्यांचं. जेवताना तिने विचारलंच, "वकीलसाहेब, तुम्ही ओरडत का नाही?"

लॅटिमोर नाक पुसत म्हणाले, "पोरी, इथे आपण हरणार आहोत. ते ठरलेलंच आहे. पण वरचं कोर्ट इथे येऊन बघत नाही, ते फक्त कागद वाचतं. कागदावर आलं ते घडलं. नाही आलं, ते घडलंच नाही."

आणि कागदावर जे आलं, त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आणली ती ऑर्लीनच्या आईने. झेनोबिया टॉलिव्हर अकरा वर्षं त्या कोर्टाची झाडलोट करत होती. ज्यूरीची नावं ज्या पेटीतून काढत, ती पेटी तीच पुसायची. पेटीत गोऱ्यांची नावं पांढऱ्या चिठ्ठ्यांवर असत आणि काळ्यांची पिवळ्यांवर. हातात पिवळी आली की जज ती परत आत टाकत. झाडूवालीकडे कोण बघतंय? पण झाडूवाली बघत होती.

तिने ते वकिलांना सांगितलं आणि साक्षीलाही उभी राहिली. सरकारी वकील तिला "ए झेनोबिया" म्हणाले. काळ्या बाईला कोर्टात मिसेस म्हणायची पद्धतच नव्हती, मग ती चार लेकरांची आई का असेना. लॅटिमोर उठले. "जजसाहेब, साक्षीदाराला मिसेस टॉलिव्हर म्हणावं." जज म्हणाले, गरज नाही. "नोंद व्हावी," वकील म्हणाले आणि खाली बसले.

क्लिओफसला वीस वर्षांची शिक्षा झाली. झेनोबियाला दुसऱ्या दिवशी सकाळी कायमचं घरी पाठवलं, झाडू तिथेच ठेवून. पण दोन वर्षांनी वरच्या कोर्टाने कागद वाचले, पिवळ्या चिठ्ठ्या वाचल्या आणि खटला रद्द केला. क्लिओफस सुटला, सरळ टॉलिव्हरांच्या दारात आभार मानायला आला आणि तिथून काही हलेना. "सासूने सोडवलं आणि लेकीने अडकवलं," असं तो एकसष्ट वर्षं सांगतोय. बाई दर वेळी म्हणतात, "नोंद आहे."

तर अशा या गावात गेल्या वर्षी लॅटिमोर वकिलांवरचा सिनेमा काढायला मंडळी आली.

दिग्दर्शक डेव्हन प्राइस म्हणजे लॉस एंजेलिसचा चाळिशीतला काळा तरुण, गोड बोलणारा. त्याची आजी शेजारच्याच तालुक्यातली. तो मॅकाडूंच्या पडवीत बसला, पीच कॉबलर हे फळांचं पक्वान्न दोनदा मागून घेतलं, तेव्हाच बाईंनी त्याला निम्मा आपला मानला. मग त्याने पटकथा हातात दिली. बाईंनी चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचली, आणि पुन्हा पहिल्यापासून चाळली.

"बाळा, यात मामा कुठे आहे? माझी आई?"

डेव्हन जरा चुळबुळला. "मिस ऑर्लीन, तो प्रसंग आहे ना. पान बासष्ट. लॅटिमोर कोर्टात चालत असतात, बुटाखाली काहीतरी येतं, ते वाकतात, पिवळी चिठ्ठी! ती उजेडात धरतात आणि..."

"बुटाखाली?"

"हो. फरशीवर पडलेली असते."

"कुठल्या फरशीवर?"

"कोर्टाच्या."

बाईंनी चष्मा काढला. "माझ्या आईने झाडलेल्या फरशीवर? अकरा वर्षांत त्या फरशीवर एक कपटा राहिला नाही, पोरा! तू तिला सिनेमातून काढलंस ते काढलंस, वर तिचं काम पण वाईट ठरवतोस?"

क्लिओफस डुलत्या खुर्चीतून म्हणाला, "माझी भूमिका कोण करतोय?" डेव्हनने फोनवर फोटो दाखवला. क्लिओफसने बराच वेळ बघितला. "बरोबर निवडलाय. मी असाच दिसायचो."

"तू मूग गिळून बस," बाई म्हणाल्या.

डेव्हन खरंच ओशाळला होता. दोन तासांचा खेळ असतो, म्हणाला. बघणाऱ्याला एकच चेहरा लागतो, त्याच्याबरोबर तो रडतो, हसतो. सगळ्यांना घ्यायला गेलं तर कुणीच उरत नाही. खोटं काही नाही यात, फक्त आखूड केलंय.

"आखूड कर की," बाई म्हणाल्या. "पण तुमची कात्री दर वेळी झाडूवालीवरच कशी येऊन पडते?"

पैसे घालणाऱ्यांनी पटकथा मंजूर केली होती, आता पान बदलणं त्याच्या हातात नव्हतं. ते त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. जाताना म्हणाला, "गॅलरीत बसायला गावातली माणसं हवीत. तुम्ही याल?"

"येईन," बाई इतक्या चटकन म्हणाल्या की क्लिओफसने खुर्ची डुलवायचं थांबवलं. बाईंचा चटकन दिलेला होकार म्हणजे काय असतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्या रात्री जेवताना बाई हिशेब करत बसल्या. त्यांना एक्याऐंशी वर्षं झाली होती. आईला कोर्टात पाहिलेली माणसं आता गावात दोनच, त्या आणि समोर बसून मक्याचा पाव ताकात बुडवणारा हा गडी. खटल्याचे कागद कुठल्या तळघरात पडले असतील, ते कोण उघडतंय? पण सिनेमा लाखो माणसं बघणार. त्यांच्या मते चिठ्ठी वकिलाच्या बुटालाच सापडणार. मामा घडलीच नव्हती असं होणार. बाईंना या विचाराने भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून रागही आला.

चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी निम्मं चर्च गॅलरीत होतं. उन्हाळा दाखवायचा म्हणून सगळ्यांच्या हातात पुठ्ठ्याचे पंखे दिले होते, मागे अंत्यसंस्कारवाल्याची जाहिरात असलेले. "हवा घे आणि पत्ता पाठ कर," चर्चमधली मैत्रीण सिस्टर पर्लीन कुजबुजली. बाईंनी आईची टोपी घातली होती, जांभळी, शेजारणीच्या डोळ्यात जाईल एवढ्या रुंद काठाची. कपडेपटाची मुलगी ती बघून हरखलीच. दिवसभर कॅमेऱ्याने गॅलरी टिपली, आणि प्रत्येक वेळी मधोमध ती टोपी.

दुसऱ्या दिवशी बुटाचा प्रसंग. खाली सहा फुटी, मखमली आवाजाचा नट लॅटिमोर झाला होता. तो वाकला. चिठ्ठी उचलली. उजेडात धरली. जज झालेला नट गरजला, "कुणाला काही म्हणायचंय?"

पटकथेप्रमाणे सगळे गप्प राहायचे होते. ऑर्लीनबाई उठल्या.

"नोंद व्हावी, जजसाहेब. पिवळ्या चिठ्ठ्या मिसेस झेनोबिया टॉलिव्हर यांनी पाहिल्या. हे कोर्ट त्यांनी अकरा वर्षं झाडलं. या फरशीवर कधी कागद नव्हता."

"कट!"

गॅलरीत खसखस पिकली. एक पोरगेला मदतनीस धावत वर आला. "आजी, तुम्हाला वाक्य नाहीये."

"माहितीये रे. बस घटकाभर, दमलास."

पुन्हा सुरू. नट वाकला, चिठ्ठी उचलली, जज गरजला, बाई उठल्या. शब्दन् शब्द तेच. तिसऱ्यांदा नटालाच हसू आवरेना. मदतनिसाने सुचवलं की आजींना बाहेर बसवू. तेव्हा कपडेपटाची मुलगी म्हणाली, काल टिपलेल्या सगळ्या दृश्यांत ती टोपी मधोमध आहे. आज नसली तर बघणाऱ्याला वाटेल एक बाई हवेत विरून गेली.

"विरली एकदा," बाई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा नाही."

चौथ्यांदाही तेच झाल्यावर डेव्हन स्वतः जिना चढून आला आणि त्यांच्या शेजारी बाकावर टेकला. चिडलेला नव्हता. "मिस ऑर्लीन, तुम्हाला खोटं सांगणार नाही. हे कापलं जाणार."

"काप की. तुझं काम आहे ते. पण एक सांग, कापलेलं टाकून देता?"

"नाही. सगळं जपून ठेवतात."

"आवाजासकट?"

"आवाजासकट."

"किती वर्षं?"

हळूहळू डेव्हनच्या चेहऱ्यावर हसू आलं, कारण पटकथा त्याला पाठ होती, पण लॅटिमोर वकील काय करायचे ते त्याला आत्ता कुठे कळत होतं. "कायमचं," तो म्हणाला.

"मग झालं माझं काम," बाई म्हणाल्या आणि पंखा हलवू लागल्या. पाचव्यांदा त्या इतक्या शहाण्यासारख्या गप्प बसल्या की सिस्टर पर्लीनने त्यांची नाडी तपासली.

संध्याकाळी क्लिओफसने विचारलं, "हरलीस ना?"

"इथे हरले."

"मग एवढी खुशीत का?"

"वरती पाठवलंय," बाई म्हणाल्या आणि कोलार्डची भाजी वाढली.

सिनेमा आला तो चर्चच्या सभागृहात पडदा लावून सगळ्यांनी बघितला. खरं सांगायचं तर बाईंना आवडला. शेवटच्या भाषणाला त्या रडल्याही. लॅटिमोरांनी असलं भाषण जन्मात केलं नव्हतं, पण केलं असतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटून गेलं. बुटाखाली चिठ्ठी आली तेव्हा मात्र सभागृहातून एकच "च्‌ च्‌ च्‌" उठलं. आणि त्यानंतर क्षणभर गॅलरी दिसली. जांभळी टोपी उभी, तोंड उघडं, वर नुसतं संगीत.

"तोंड उघडं आणि आवाज नाही!" क्लिओफस ओरडला. "एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा बघतोय!" सगळं सभागृह हसलं. बाईही हसल्या. पण घरी येताना क्लिओफसने त्यांचा हात धरला, तो दार येईपर्यंत सोडला नाही.

हिवाळा गेला. मार्चमध्ये एका दुपारी बाई भेंडी चिरत असताना फोन वाजला. पलीकडे कोवळा आवाज होता.

"मिस ऑर्लीन मॅकाडू? मी अनीसा. कॅलिफोर्नियाहून बोलतेय. सिनेमाचं संकलन करत होते ना, त्यांच्या हाताखाली होते मी. कापलेले तुकडे नावं घालून जपून ठेवायचं काम माझं. तुमचे चार तुकडे आहेत. चारही वेळा तेच वाक्य, एका शब्दाचा फरक नाही. सहा महिने झाले, डोक्यातून जात नाही माझ्या. मी त्या खटल्याचे जुने कागद मागवले आणि त्यात खरंच त्यांची साक्ष सापडली. पण साक्षीत सगळे त्यांना नुसतं झेनोबिया म्हणतात; वकिलांनी एकदा मिसेस टॉलिव्हर म्हणा म्हटलं, तर जज म्हणाले गरज नाही. मला त्यांच्यावर एक छोटी फिल्म करायचीये. त्यांच्या एकट्यांवर. त्या कोण होत्या, सांगाल मला?"

बाईंनी फोन छातीशी धरला. डोळे भरून आले होते, पण आवाज चिटणिसाचाच होता. "क्लिओ, रेडिओ बंद कर. वरच्या कोर्टाचा फोन आहे."

क्लिओफसने रेडिओ बंद केला आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कागद-पेन आहे का, पोरी?" बाई फोनमध्ये म्हणाल्या. "मग लिही. आधी 'मिसेस' लिही. लिहिलंस? आता मला वाचून दाखव."