सेंटर स्पीकरचा चोर

हा किस्सा मी सहसा कोणाला सांगत नाही. पण तुम्ही एवढा चहा पाजला, आता लपवून तरी काय करू?

वडनेरात माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे आणि शौक एकच, होम थिएटर. कोपऱ्याकोपऱ्यात स्पीकर, खाली धमधम करणारा वूफर आणि टीव्हीखाली मधला, म्हणजे सेंटर स्पीकर. पिक्चरमधली माणसं बोलतात ती याच्यातूनच. माझ्या मधल्याचा आवाज बसला होता. गाड्या उडाल्या की भिंती हलायच्या, पण हिरो हिरोइनला काय म्हणाला ते बायकोला विचारावं लागायचं. तिलाही कळलेलं नसायचं.

म्हणून खामगावहून त्याच कंपनीचा नवा, भारीतला आणला. बसवायला साळा आला, गजानन. नांदुऱ्यात पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून देतो, म्हणजे आतली तार काढून नवी गुंडाळतो. जुना स्पीकर त्यालाच द्यायचा होता. भावाला द्यायचा म्हणून बायकोनं तो असा काही पुसला, की नव्याशेजारी ठेवला तर दोघे जुळे भाऊ!

नेमकी तेव्हाच लाइन गेली. गजाननला घाई होती. तू निघ, बाकीचं मी पाहतो, असं म्हणून मी अंधारातच जुना स्पीकर नव्याच्या खोक्यात भरला आणि त्याच्या गाडीला बांधून दिला. लाइन आल्यावर दुसरा जोडला, पिक्चर लावला.

हिरो पुटपुटतच होता.

पहिला संशय दुकानदारावर. पण त्यानं तर माझ्यासमोर खणखणीत वाजवून दाखवला होता. मग मधे हात कोणाचा लागला? गजाननचा. मोटारीचं पोट फाडून पुन्हा शिवणारा माणूस तो. स्पीकरच्या आतला माल काढून घेणं त्याला काय अवघड? बायकोजवळ नुसतं तोंड उघडलं, तर तिनं माझ्याशी बोलणंच टाकलं. तेव्हा वाटलं, हीसुद्धा सामील आहे की काय?

रविवारी न कळवता नांदुरा गाठलं. दारातच पिक्चरचा शब्द न् शब्द ऐकू आला. हिरोचा श्वाससुद्धा! सासरे खाटेवर बसून डोळे पुसत होते. मी चहा नाकारला, सरळ टीव्हीमागे शिरलो आणि मोबाइलचा उजेड मारला. स्पीकरच्या पाठीवर गॅरंटीचं चंदेरी स्टिकर, कोरं करकरीत.

उठताना डोकं टेबलाला आपटलं, पण त्याचं भान कोणाला?

"गजानन, माहा नवा स्पीकर तुह्या घरी काऊन आहे?"

तो घाबरला नाही. उलट लाजला.

"भाऊजी, तुम्हीच तर देल्ला. मले वाटलं, ताईले कळू नये म्हणून अंधारात देऊन राह्यले. मी बाबाले म्हटलंही, जवाई असावा तर असा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवशी अंधारात मीच नवा बांधून दिला होता आणि जुनाच पुन्हा जोडून बसलो होतो.

सासऱ्यांनी माझा हात धरला. त्यांना ऐकायला जरा कमी येतं. म्हणाले, "जवाईबापू, लय वर्षानं मले पिक्चर समजून राह्यला."

आता सांगा, कोणत्या तोंडानं परत मागू?

"हाव, तेच," मी म्हटलं, "आवडला का, ते पाहाले आलो."

आणि मघाशी नाकारलेला चहा मागून घेतला.

हल्ली बायकोला पिक्चर पाहायचा असला, की ती माहेरी जाते. म्हणते, तिथं बोलणं नीट ऐकू येतं.