चौथा वन्स मोअर

बायकोला नाटकात गाऊ द्यायला मला एकतीस वर्षं लागली. लग्न झालं तेव्हा ती कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये बक्षिसं मिळवून आलेली होती, आणि मी ताडकळसच्या कापडदुकानात बसून स्वतःला शहाणा समजत होतो. सोमवारी मठातल्या भजनात गा, स्टेज नको, असं मी तिला एकदाच म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, तिला पटलं. बाई गप्प बसली की तिला पटलं असं समजायची खोड आमच्या घराण्यात पिढीजात आहे.

दोन वर्षांपूर्वी परभणीच्या एका हौशी मंडळानं नवं संगीत नाटक बसवायला घेतलं. मेंढरं राखणाऱ्या एका म्हातारीची गोष्ट होती. म्हातारीच्या कामाला पन्नाशीतली, गळ्यानं तयार बाई हवी होती. दिग्दर्शक कॉलेजात शिकवणारे. त्यांनी मठात हिचं भजन ऐकलं आणि थेट घरी आले. बोलता बोलता ते माझ्याकडे पाहायला लागले, तेव्हा मी म्हणालो, "मला काय विचारता, तिलाच विचारा." जसा काही मी जन्मापासून असाच दिलदार होतो. चहा यायच्या आधीच ती हो म्हणाली होती.

तीन महिने ती रोज दुपारच्या बसनं परभणीला तालमीला जात होती. दिग्दर्शक सगळ्यांना मोबाईलवर न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचे पहिले प्रयोग दाखवायचे. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, थांबतच नाहीत. हिनं ते घरी येऊन सांगितलं आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. आपल्या बायकोचाही पहिला प्रयोग तसाच झाला पाहिजे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, मी तर साठीला टेकल्यावर बांधलं.

नाटकाच्या शेवटी तिचं एक मोठं गाणं होतं. मेंढरं विकून म्हातारी त्यांच्या मोकळ्या वाड्यात परत येते आणि एकटीच गाते. ते गाणं तिनं घरी कधी म्हटलं नाही. मी दोनदा विचारलं. "ते तुमी तिथंच ऐका," ती म्हणाली. "सर म्हणायलेत, तेच खरं नाटक हाय. त्याच्यासाठी गळा राखून ठिवायचाय." हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणायची सोय मला नाही.

परभणीतला पहिला प्रयोग संध्याकाळी सहाचा. मी गावातून दोन जीपगाड्या भरून माणसं आणली. बाजारपेठेतले दुकानदार, मठातले भजनी. सगळ्यांना बजावून ठेवलं की पहिल्या अंकातलं हिचं गाणं संपलं रे संपलं की वन्स मोअर द्यायचा. आमच्याकडे भजनात गाणाऱ्याला लवकर बसू देणं हा त्याचा अपमान असतो. रंगलेली ओळ दहा-दहा वेळा घेतात. पण तिथं गाणाऱ्यानं हात वर केला की टाळकरी ती ओळ उचलतात, आणि त्याला दम खायला मिळतो. एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नाही.

पडदा उघडला आणि ती आली. घोंगडं खांद्यावर, हातात काठी. पहिले दोन शब्द ती नुसतीच बोलली, आणि तिसऱ्यावर आवाज असा चढला की माझ्या शेजारचा दुकानदार तोंडाकडे नेलेला हात तसाच धरून बसला. ही बाई इतकी वर्षं माझ्या घरात भाकरी थापत होती, असं मनात आलं आणि मला माझीच लाज वाटली. गाणं संपल्यावर पहिला वन्स मोअर अख्ख्या थिएटरनं दिला, आम्ही सांगायच्या आधीच. दुसरा अर्ध्या थिएटरनं. तिसरा आमच्या दोन जीपगाड्यांनी. चौथ्याला मी एकटाच उठलो, आणि मग बाकीचे माझ्यामागून.

चौथ्या वन्स मोअरला गाताना तिनं हात जरासा वर केला, भजनात करतात तसा. उचलणारं कुणी नव्हतं. मला वाटलं, ती मलाच हात दाखवतेय. मीही इकडून हात हलवला.

शेवटचं गाणं आलं. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात आवाज फाटला, मग नुसता वारा निघायला लागला. पेटीवाला सुरावर तसाच थांबून राहिला. उरलेलं गाणं ती बोलली, अगदी हळू, शेवटपर्यंत. लोकांना वाटलं, हाच अभिनय. सगळं थिएटर उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. ब्रॉडवे काय ते परभणीत झालं, आणि सगळ्या थिएटरात मी एकटाच खाली बसून होतो. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

परतताना जीपमध्ये तिला मी पुढच्या सीटवर बसवलं. मागचे कौतुक करत होते. पिंपळाच्या फाट्याजवळ ते दमून गप्प झाले, तेव्हा ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "एकतीस वरसं गाऊ दिलं न्हाई. आन गायला लागले तर थांबू दिलं न्हाई." आवाजात राग नव्हता.

डॉक्टरांनी दोन महिने गळ्याला आराम सांगितला. जिंतूरचा प्रयोग त्याच्या आत होता, म्हणून तिनं आपलं काम मंडळातल्या एका तरुण शिक्षिकेला दिलं, आणि चाल कागदावर खुणा करून तिला शिकवली. गळा बरा झाल्यावर दिग्दर्शक पुन्हा घरी आले. ही म्हणाली, "आता तिलाच करू द्या सर."

त्याआधी जिंतूरच्या प्रयोगाला आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. शेवटचं गाणं मी तिथं पहिल्यांदा पुरतं ऐकलं. शिक्षिका चांगली गायली. हिचे ओठ सबंध वेळ हलत होते, आवाज मात्र नव्हता. बाहेर आल्यावर मी विचारलं, "तू असंच म्हणणार होतीस का?"

"न्हाई," ती म्हणाली, आणि चप्पल शोधायला लागली.

मग कसं, हे विचारायला मला तोंड नव्हतं. तिचा गळा आता पहिल्यासारखा आहे. सोमवारी मठात गाते, घरात कामं करताना गुणगुणते. ते गाणं तेवढं म्हणत नाही, आणि म्हण असं मी म्हणत नाही.