मे महिन्यातला नाताळ

लातूरला नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी यायचं, त्या उन्हाळ्यात मी घरात बसून बर्फाळ गावांतल्या प्रेमकथा मराठीत आणत होते. काम मिळालं ते एका मैत्रिणीमुळं. नांदेडला कॉलेजात आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. पुढं मी लग्न होऊन उदगीरच्या घरात आले आणि लातूरला एका ज्युनिअर कॉलेजात तात्पुरत्या नेमणुकीवर इंग्रजी शिकवू लागले. ती मुंबईला, परदेशी सिनेमांना मराठी आवाज देणाऱ्या स्टुडिओत गेली. एप्रिलमध्ये तिचा फोन आला.

"नाताळचे सिनेमे आहेत. टीव्हीसाठीच बनवलेले, प्रेमाबिमाचे. डिसेंबरात एका वाहिनीवर लागणार. आठ आहेत. संवाद लिहून देशील?"

"आठही नाताळचेच?"

"एक बघितलास की आठही बघितल्यासारखे. म्हणून तर म्हणते, उन्हाळ्याच्या सुट्टीत होऊन जातील."

मला वाटलं गंमत करतेय. पण ती शब्दशः खरं बोलत होती. प्रत्येक सिनेमात एक मोठ्या शहरातली बाई असते. तिला कामापुढं काही सुचत नाही. काही कारणानं ती नाताळच्या आधी एका छोट्या गावात येते. तिथं एक विधुर असतो किंवा लहानपणीचा मित्र असतो, आणि तो लाकूडकाम तरी करतो नाहीतर केक तरी भाजतो. गावातलं एक जुनं दुकान बंद पडायच्या बेतात असतं. मग दोघं मिळून झाड सजवतात, भांडतात, एक गैरसमज होतो. दोन वाक्यांत मिटेल असा तो गैरसमज वीस मिनिटं टिकतो. शेवटी दुकान वाचतं, बर्फ पडतो आणि ती शहरातली नोकरी सोडते. गावाची लोकसंख्या आमच्या शेजारच्या औशाएवढीही नसेल, पण रस्त्यावर एक खड्डा नाही आणि प्रत्येक खिडकीत दिवे. वीज कधी जात नाही.

संवाद नुसते लिहून भागत नव्हतं. पडद्यावरच्या ओठांशी ते जुळायला हवेत. तिनं ओठ मिटले की मराठीतही प, ब, म असं काहीतरी यायला पाहिजे. त्यामुळं प्रत्येक वाक्य मोठ्यानं, भावनेसकट म्हणून बघावं लागे. आणि आमच्या घरात तेव्हा दोनच माणसं होती, मी आणि माझे सासरे. नवरा किनवटकडं एका आश्रमशाळेवर शिक्षक. सुट्टीतही तिथं काही ना काही काम निघायचं, आणि महिन्यातून दोनदा तो घरी यायचा.

सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणत असू. उदगीरला त्यांचं कापडाचं दुकान होतं. सासूबाई गेल्या, मुलगा मास्तर झाला, गिऱ्हाईक तयार कपड्यांकडं वळलं, तेव्हा त्यांनी कुणाशी फारसं न बोलता दुकान बंद केलं आणि संक्रांतीनंतर आमच्याकडं राहायला आले. रोज सकाळी आंघोळ, इष्टलिंगाची पूजा, कपाळावर भस्माचे पट्टे, मग पेपर. पेपरात ते एकच बातमी शोधायचे. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून निवेदनं देणाऱ्या समितीत ते कित्येक वर्षं होते.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. दुपारची वेळ. मी आतल्या खोलीत, दार लोटलेलं, कानाला हेडफोन. नायिकेच्या तोंडचं वाक्य चार-पाच तऱ्हांनी म्हणत होते. "तू गेलास तर मी काय करू?" "नको ना जाऊस." "तुझ्याशिवाय हे घर मला खायला उठतं." हेडफोन काढला तर बाहेर पेपरचा आवाजही नाही. मग अप्पांचा, घसा साफ करून आलेला आवाज.

"अव्वा," ते मला अव्वाच म्हणत, आमच्या कर्नाटकाकडच्या भागात लेकीसुनेला म्हणतात तसं, "फोनवर कोण हाय?"

"कुणी नाही अप्पा. कामाचं आहे."

"कामाचं," असं ते स्वतःशीच म्हणाले.

मला बाहेर जाऊन लॅपटॉप दाखवावाच लागला. त्या बर्फातल्या गोऱ्या बाईचे ओठ हलताना आणि तिच्याऐवजी मी बोलताना त्यांनी नीट बघितलं. खात्री पटल्यावर ते उठले आणि पाण्याची टाकी बघायला गच्चीवर गेले. टाकीत दोन बोटं पाणी होतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "त्या पोरीचं काय झालं? गेला का तो?"

तिथून ते माझे श्रोते झाले. दुपारी कूलरमध्ये घालायला पाणी नसे, म्हणून आम्ही हॉलमध्ये ओल्या चादरी लावून बसायचो. मी वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे. तिसऱ्या सिनेमाला त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत शेवट सांगितला. चौथ्याला गैरसमज कोणता होणार तेही. मात्र दुकानाच्या बाबतीत ते गप्प बसत नसत.

"हे केकचं दुकान. भाकरी-बिकरी न्हाई, नुसते केक?"

"नुसते केक."

"गावात माणसं किती?"

"दोन-तीन हजार असतील."

"मग बंद पडणारच की. आणि ही मालकीण गल्ला सोडून दिवसभर त्याच्याशी बोलून राहिली. दारात बर्फ साचलाय, गिऱ्हाईक आत येणार कुठून?"

शेवटी सगळा गाव एका रात्रीत जमतो, गाणी म्हणतो आणि दुकान वाचतं, हे मी वाचलं तेव्हा ते ताडकन उठून बसले. "एका दिवसाच्या गर्दीनं दुकान वाचत न्हाई, अव्वा. मी बंद केलं त्या दिवशी लई गर्दी होती. सगळे भेटायला आले होते. कापड कुणी घेतलं न्हाई."

मी ते वाक्य तसंच ठेवलं. म्हणजे संवादात नाही, डोक्यात.

तरी ते रोज दुपारी येऊन बसायचेच. मीही, आठ वेळा तेच लिहीत असताना, शेवटच्या प्रसंगाला दर वेळी डोळे पुसायची. हसू येतं मला त्याचं, पण खोटं का सांगू? त्या उन्हाळ्यात आम्हाला पाणी कधी येईल माहीत नव्हतं, माझं कॉलेज जूनमध्ये मला ठेवेल का माहीत नव्हतं. आणि इथं एक बाई नव्वद मिनिटांत सुखी होणार हे पक्कं ठाऊक. कुणी मरत नाही. जे मेलेले असतात ते सिनेमा सुरू होण्याआधीच मेलेले असतात. रुसलेला बाप ऐकतोच. अशी खात्री आमच्या घरात दुसऱ्या कशाचीच नव्हती.

मे महिन्याच्या एक तारखेला तर अप्पा सकाळपासून टीव्हीसमोर होते. महाराष्ट्र दिनाला नव्या जिल्ह्याची घोषणा होणार अशी कुणकूण होती. तशी ती दर एक मेला, पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीलाही असायची. झेंडे झाले, भाषणं झाली, जिल्हा झाला नाही. दुपारी मी पुढचा सिनेमा वाचत होते. त्यात नाताळच्या आदल्या दिवशी सरकारी पत्र येतं आणि गावाचं जुनं सभागृह पाडायचं रद्द होतं.

"हे साफ खोटं हाय," अप्पा म्हणाले. "सरकारी कागद असा सणाचा मुहूर्त बघून येतो का कधी?"

मी मान खाली घालून पुढचं पान काढलं.

शब्दांची अडचण तर पावलोपावली. बर्फ म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं रसवंतीवरची पोत्यात गुंडाळलेली लादी येते. तिच्यावरून घसरगाडी कशी न्यायची? दारावर एक हिरवी डहाळी टांगतात आणि तिच्याखाली जे दोघं सापडतील त्यांनी एकमेकांचा मुका घ्यायचा, अशी तिकडं रीत आहे. ते अप्पांना सांगताना मी मुका गाळला आणि 'प्रेम व्यक्त करायचं' म्हणाले. ते म्हणाले, "आपण दारावर लिंबू-मिरची बांधतो. तिच्याखाली कुणी थांबत न्हाई."

सगळ्यात अडलं ते नायक शेवटी म्हणतो ते वाक्य. त्याचं तोंड तीनदा हलून मिटतं आणि मराठी वाक्य अजून 'तुझ्यावर'पाशीच असतं. मी कितीतरी करून बघितली. मग अप्पांसमोर म्हणून गेले, "आपल्यात असं काही छोटं नाहीच बघा."

"आपल्यात कोण म्हणतंय ते," अप्पा म्हणाले. मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तो तिला काय देतो म्हणालीस? शेवटी?"

"लाल मफलर. ती एकदा दुकानाच्या काचेतून बघत उभी असते, तेव्हाच त्यानं ध्यानात ठेवलेलं असतं."

मी पुढं वाचायला लागले, तर हातानं थांब म्हणाले.

"उदगीरच्या निम्म्या बायकांचे रंग मला पाठ होते," ते म्हणाले. "कुणाला रामा, कुणाला जांभळा. बाई पायरी चढायच्या आत मी ठाण खाली काढायचो. आणि तुझ्या सासूला दर दिवाळीला नेलं ते दुकानात खपलं न्हाई ते. वर्षभर पडून राहिलेलं. ती नेसायची. तिला कोणता रंग आवडायचा, मला ठाव न्हाई."

सिनेमात अशा वेळी पेटीत एखादी चिठ्ठी सापडते. आम्ही सासूबाईंची पेटी आधीच उघडून बघितली होती. त्यात साड्या होत्या, सगळ्या न खपलेल्या रंगांच्या.

दोन दिवसांनी त्यांनी मला देगलूरला फोन लावायला सांगितला. तिथं सासूबाईंची धाकटी बहीण असते. माझी मावससासू, बोलायला फटकळ. फोन स्पीकरवर होता. अप्पांनी आधी पाण्याचं विचारलं, मग पाहुण्यांचं, मग एकदम रंगाचं.

"आता विचारून काय करणार, दाजी?" मावशी म्हणाल्या.

"असंच. सांग की."

"रंगाचं कुठं काय होतं तिचं. तिला तुमच्या दुकानातलं लुगडंच नको असायचं. एकदा तरी दुसऱ्याच्या दुकानात गादीवर बसावं, दहा साड्या पाडून बघाव्यात, त्यातली एकही न घेता उठून यावं, एवढी हौस होती तिची. मला दहादा म्हणाली असेल. पण कापडवाल्याची बायको, जाणार कुठं? लोक काय म्हणले असते!"

अप्पांनी "हाव" म्हटलं आणि फोन माझ्या हातात दिला.

त्याच आठवड्यात एका सकाळी ते धोतर-टोपी करून तयार होऊन बसले. "चल अव्वा, गोलाईच्या बाजारात जाऊन येऊ. तुला एक साडी बघू." मला साडी नको होती. पण नको म्हणायचीही ती वेळ नव्हती. मनातल्या मनात मी या प्रसंगाला संगीतही लावून टाकलं होतं.

दुकान मोठं होतं. अप्पा आयुष्यात पहिल्यांदा गादीच्या अलीकडच्या बाजूला बसले आणि त्यांना पाय कुठं ठेवावेत कळेना. दुकानदारानं एक साडी पसरली. अप्पांनी पदर दोन बोटांत धरून चोळला. "रंग जाणार." दुसरी. "ही सुरतची हाय, येवल्याची म्हणून सांगू नका." तिसरीला दुकानदाराचा चेहरा उतरला. मी आपली एक मोहरीच्या रंगाची पटकन निवडली, म्हणजे सगळे सुटतील.

"एवढ्यात?" अप्पा रागावले. "अजून बघ. पाडू दे त्याला. दहा तरी बघ."

नवव्या साडीला शेजारीणबाईंचा फोन आला. नळाला पाणी आलं होतं, चार दिवस आधीच, आणि आमचं घर बंद. मी उठलेच. अप्पाही गुडघ्यावर हात टेकून उठले. समोर साड्यांचा ढीग, आणि दुकानदार आमच्याकडं बघत.

"परत येऊ," अप्पा त्याला म्हणाले.

'परत येऊ' म्हणून गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हे त्या दुकानात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. रिक्षात ते ओशाळल्यासारखे हसत होते. घरी आलो तर धार करंगळीएवढी होती. दोन ड्रम आणि घागरी भरल्या आणि नळ सूं करून थांबला. आम्ही पुन्हा काही गोलाईत गेलो नाही.

सिनेमे डिसेंबरात लागले. स्टुडिओनं माझी निम्मी वाक्यं बदलली होती. सिनेमातलं सगळं गाव पुण्यातल्यासारखं बोलत होतं. तोवर पाऊस बरा झाला होता, नवरा सुट्टीत घरी होता आणि मावशीही देगलूरहून आल्या होत्या. आम्ही चौघं शाल पांघरून बघायला बसलो. नवरा पंधरा मिनिटांत झोपला. अप्पा त्याला हलवून सांगत होते, "बघ, आता तो गैरसमज होणार." झाला. मावशींनी असलं काही पहिल्यांदाच बघितलं होतं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला, नायक-नायिका भर बर्फात एकमेकांकडं टक लावून उभी होती ती नीट न्याहाळली, आणि म्हणाल्या,

"एवढ्या थंडीत उभी हायत तासभर. एकाचंबी नाक कसं गळंना?"

अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणायला उठले आणि त्या नादात शेवटचा प्रसंग चुकला. काही बिघडलं नाही, आणखी सात होते.