आईच्या नावापुढचा अंगठा

"चार्ट वर धर. अजून वर. तोंड झाकलं तरी चालतंय, तुला कोन बघतंय?"

रणजित भर वर्गात म्हणाला. वर्ग हसला. सरही हसले. मी कागदाच्या मागे उभी. हात भरून आले, तरी खाली घेतले नाहीत.

बी.ए.चं शेवटचं वर्ष. मिळून काम करायला शिका म्हणून सरांनी पाच-पाच जणांचे गट पाडले होते. एका वस्तीवर जायचं, बायकांना पाण्याचं विचारायचं, फॉर्म भरून आणायचे. आमच्या गटाचा प्रमुख कोण, ते कुणी ठरवलंच नाही. रणजितचे वडील तालुक्याचे पुढारी, जीप त्याची, मग प्रमुख दुसरा कोण होणार? वस्ती मात्र मी सुचवली. केजच्या अलीकडची, आमची धनगरांची. म्हटलं, "पावसाळ्यात जाऊ. दिवाळीनंतर समदे मेंढरं घेऊन भाईर असत्यात."

"कोन ना कोन भेटंलच की," तो म्हणाला. "जीपमधी जागा न्हाई. तू चार्ट रंगव."

दिवाळीनंतर जाऊन आलो, चाळीस बाया भेटल्या, असं सांगून त्यांनी मला आकडे दिले. वस्तीवर तेव्हा पाच-सहा म्हाताऱ्या होत्या. मला खटकलं. तरी मुकाट्याने रंगवत बसले. लाज वाटते सांगायला, पण खरं तेच आहे. बापाने आधीच सुनावलं होतं, "यंदा नापास झालीस तर शिक्षान बंद. सोयरीक आलेली हाय." मला भीती वाटत होती. या कामाचे मार्क गेले असते तर मी नापास, आणि मग माझं सगळंच गेलं असतं.

सादरीकरण झालं. "टीमवर्क असावं तर असं," सर म्हणाले आणि फाईल टेबलावर आणायला मला सांगितलं. नेता नेता पान उलटलं. वर आईचं नाव. पाणी कुठून आणता? घरात नळ आहे. काही त्रास? नाही, समाधानी आहे. खाली निळा अंगठा.

माझी आई त्या दिवशी मेंढरांमागे होती, चार दिवसांच्या वाटेवर. आणि माझी आई अंगठा देत नाही. तिला सही मी शिकवलीय. मेंढरांच्या जाळीपाशी बसून, मातीत काडीने. एक पावसाळा लागला. रेशनच्या दुकानात पहिल्यांदा सही केली तेव्हा घरी येईपर्यंत ती हसत होती. नळ तर आमच्या वस्तीने अजून पाहिलेला नाही.

"सर, हे खोटं हाय. ही माझी आई हाय."

रणजित जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "कावून बोंबलतीस? मार्क तुलाबी मिळनारच की."

सरांनी फाईल मिटली. "टीममध्ये एकमेकांना सांभाळून घ्यायचं असतं. तेच तर शिकायचंय. शेवटच्या पानावर पाचही जणांच्या सह्या करा. ज्याची सही राहील त्याला मार्क नाहीत."

सांभाळून घेणं मला हे शिकवणार? आमच्याकडे तीन घरांची मेंढरं एकत्र निघतात. वाटेत एकीचीही मेंढी व्यायला टेकली तर तिन्ही घरं थांबतात. पुढे चला म्हणायची कुणाची छाती होत नाही. या चौघांना माझ्या आईसाठी थांबायचंच नव्हतं. त्यांनी तिला घरबसल्या समाधानी करून टाकलं.

चौघांनी सह्या केल्या. पेन माझ्याकडे आलं. मी शेवटचं पान उघडलं नाही. आईचं पान काढलं आणि त्यावर आडवं लिहिलं, "ही बाई त्या दिवशी वस्तीवर नव्हती. हा अंगठा तिचा नाही." खाली माझी सही केली.

मी नापास झाले. एसटी स्टँडच्या मागे बसून पोटभर रडले. बाप फोनवर एवढंच म्हणाला, "आता बास." सोयरीकवाले येत्या रविवारी येणार आहेत. मी त्यांच्यासमोर जाणार नाही. मार खावा लागला तरी नाही. पावसाच्या तोंडावर वस्ती भरेल तेव्हा कोरे फॉर्म घेऊन मी घरोघर जाईन. पहिला आईचा भरीन, ती सांगेल तसा. आणि पुन्हा तिच्या नावापुढे दुसऱ्या कुणी अंगठा टेकवला, तर तो हात मी भर वर्गात धरीन.