भिंत उघडली तेव्हा

वायरमनचं खरं नाव बाजारात कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्याला ओळंबा म्हणत, कारण त्याने भिंतीत घातलेला पाइप गवंड्याच्या ओळंब्यासारखा सरळ खाली उतरायचा. तिरक्या वायरिंगची त्याला चीड होती. "उद्या कुणी तसबिरीला खिळा ठोकला तर वायर कुठून गेलीय हे त्याला कळायला नको?" असं तो गिऱ्हाइकाला दरडावून विचारायचा, आणि गिऱ्हाईक बिचारं मान डोलवायचं.

त्याने हाताखाली एकालाच नीट तयार केलं आणि पुढे त्यालाच आपली धाकटी बहीण दिली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कालपर्यंतचा 'अरे-तुरे' तोंडातच अडकला आणि 'भावोजी, ती पक्कड देता का?' असं सुरू झालं. त्यावरून दोघं बरेच दिवस हसत होते. पण भावोजींचा हात चपळ होता. ओळंबा सकाळभर एक खोली मापत बसे, तेवढ्यात यांच्या दोन खोल्यांचे पाइप बसलेले असत. लोक त्यांनाच बोलवू लागले, मग भावोजींनी वेगळं काम धरलं. ओळंब्याने तोंडाने आशीर्वाद दिला. मनात मात्र धरून बसला, की इतक्या झटपट होतं ते काम नव्हे, उरकाउरकी.

अशात बाजारातल्या शिंप्याचं दुकान जळालं. वायरिंग भावोजींचं होतं. माणूस कुणी दगावला नाही, पण शिवायला आलेल्या कापडाची राख झाली. सकाळी बघ्यांच्या गर्दीत ओळंबाही उभा होता. कुणीतरी म्हणालं, "तुमच्याच मेहुण्याचं काम ना हे?"

ओळंब्याने उंबरठ्यावरूनच काळवंडलेल्या भिंतीकडे पाहिलं. आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. "मी कितीदा सांगितलं, घाई करू नका म्हणून," एवढंच तो म्हणाला.

तेवढं पुरलं. गुरूनेच बोल लावल्यावर कोण कशाला शहानिशा करतंय? भावोजींची कामं एकेक करून सुटली. त्यांनी पक्कड, टेस्टर, सगळं विकून टाकलं आणि एका गोदामाच्या फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी धरली. बहिणीने भावाकडे येणं सोडलं. ओळंबा बायकोला म्हणायचा, "येईल राग शांत झाल्यावर." पण राग असता तर शांत झाला असता.

शिंप्याच्या दुकानात नवं वायरिंग भिंतीच्या वरून, पट्टीतून झालं. जुने पाइप गिलाव्याखाली तसेच मेले. बरीच वर्षं गेली. शिंपी थकला, जागा चष्म्यांचं दुकान काढणाऱ्या एका बाईंनी घेतली, आणि त्यांनी वायरिंगसाठी ओळंब्यालाच बोलावलं.

गवंड्याने छिन्नी लावली आणि भिंत उघडली. ओळंबा जवळ गेला तो बघतच राहिला. पाइप सरळ उतरलेला. वळणावर गरम करून अलगद वाकवलेला, म्हणजे वायर ओढताना कुठे खरचटू नये. तोंडाची धार कानशीने घासलेली. पाइपात दाटीवाटी नाही, जोड फक्त बॉक्समध्ये, आणि अर्थिंगची हिरवी वायर शेवटच्या बोर्डापर्यंत अखंड. त्याने जे जे शिकवलं होतं ते सगळं तिथे होतं.

मग इस्त्रीच्या टेबलामागची भिंत उघडली. तिथे पाइपाला कुणीतरी भोक पाडलं होतं. दिव्यांच्या बारीक वायरीलाच पीळ देऊन इस्त्रीचा पॉइंट काढला होता. वर चिकटपट्टी, त्यावर गिलावा. आजूबाजूचा पाइप वितळून कोळसा झाला होता.

ओळंबा तडक शिंप्याच्या घरी गेला.

"ती जोडणी होय?" म्हातारा म्हणाला. "ती आमच्या भाच्याने केली, नंतर. तुमचे मेहुणे म्हणाले होते, इस्त्रीला जाड वायरची वेगळी लाइन टाकायला येतो, तोवर थांबा. आम्हाला कुठला धीर!"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्हीच म्हणालात ना, त्यांचं चुकलं. आम्हाला त्यातलं काय कळतंय?"

संध्याकाळी तो बहिणीच्या दारात उभा राहिला. तिने पाणी आणून ठेवलं, बस म्हणाली नाही. भावोजी कामावर जायला निघाले होते, अंगात गणवेश होता. ओळंब्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

भावोजी खाली बसले. "म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

"भावोजी, तुम्हाला तर माहीत असणार!"

"कुठलं माहीत? दादा, तुम्ही म्हणालात म्हणजे चुकलंच असणार, असं धरून चाललो. कुठला जोड सैल राहिला, कुठे वायर सोलली, हेच आठवत बसायचो. सापडायचं नाही."

"घरातलं बटण दाबायलासुद्धा भ्यायचे," बहीण आतून म्हणाली. "दिवे मुली लावायच्या. तू एकदा आत जाऊन भिंत बघितली असतीस तर, दादा?"

ओळंबा भावोजींकडे वळला. "उद्या माझ्याबरोबर कामाला चला," तो कसाबसा म्हणाला.

"आता हात धजत नाही," भावोजी म्हणाले. "पण भिंत बघायला येईन."

गवंडी कुरकुरला, तरी ओळंब्याने गिलावा थांबवला. भावोजी आले, पाइपाच्या वळणावरून हात फिरवला आणि "बरं झालं, पाहिलं" म्हणून कामावर निघून गेले.

त्यानंतर ओळंबा बाजारात दुकानादुकानांतून सांगत फिरला, की तेव्हा चूक भावोजींची नव्हती, माझी होती. लोक आदराने ऐकून घेत. निम्म्यांना आग आठवत नव्हती. एकाने तर विचारलं, "कोण भावोजी?"