देवतळे सरांचा नाटक-सिनेमाचा वर्ग

नाटक-सिनेमा शिकलेली चार माणसं एकत्र बसली की कामाचं कोणी बोलत नाही. एकानं नुसतं 'ते आठवतं का?' म्हटलं की झालं! भिलाईला आमच्या कॉलेजात देवतळे सर हा वर्ग घ्यायचे. ऐंशीचं दशक, आम्ही सगळी स्टील प्लांटवाल्यांची पोरं. तेव्हाचे किस्से इतके साठलेत, की परीक्षेत तेच विचारले असते तर मी पहिली आले असते!

*

आमची मराठी म्हणजे घरात नागपुरी, उंबऱ्याबाहेर हिंदी. आणि सरांनी स्पर्धेसाठी बसवलं पुण्याच्या बॅरिस्टरचं नाटक! "मले नाही, मला!" महिनाभर घोकून घेतलं.

बॅरिस्टर होता माझा मित्र शशी बोरकर. अंगात मामाच्या लग्नातला कोट. पल्लेदार वाक्यं अशी फेकली त्यानं, की सर विंगेत खूश! मग भांडणाचा सीन आला. मी कोट धरून ओढला आणि बाही उसवली, टर्रर्र!

बॅरिस्टर किंचाळला, "अवं सोड ना! मामाचा कोट हाये, मारते ना तो मले!"

हॉल हसून लोळला. परीक्षक नागपूरचे होते. निकालाच्या वेळी म्हणाले, "बॅरिस्टरचं शेवटचं वाक्य सगळ्यात नैसर्गिक वाटलं."

*

सिनेमाच्या तासाला सर कुठून तरी प्रोजेक्टर आणि विदेशी सिनेमाची रिळं पैदा करायचे. भाषा कोणालाच कळायची नाही. एकदा हिरो दुसऱ्या रिळात मेला आणि तिसऱ्या रिळात आरामात दाढी करत बसला!

शशी उठला. "सर, हे मृत्यूनंतरचं जीवन आहे. दाढी म्हणजे मोह!"

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांनी डबे तपासले. "बोरकर, रिळांची अदलाबदल झाली."

शशी काय डगमगतो! "म्हणजे सर, आपण दिग्दर्शकापेक्षा भारी पिक्चर बनवला!"

*

पुढच्या नाटकात शशी म्हातारा होता. सर म्हणाले, "चाल रस्त्यावर जमव. लोक फसले तर खरी."

पठ्ठ्या केसांना पावडर फासून, काठी टेकत सिविक सेंटरच्या बाजारात फिरायला लागला. मी थोडी मागे. एका भल्या माणसानं त्याचा हात धरून रस्ता पार करून दिला. "सम्हल के, बाबूजी!"

तेवढ्यात हुडको कॉलनीची बस सुटली. शशीनं काठी काखेत मारली, धावला आणि चालत्या बसमध्ये टुणकन चढला!

तो माणूस आ वासून बघत राहिला. मग माझ्याकडे वळून अगदी आदरानं म्हणाला, "बेटी, बाबूजी कौन सी दवाई लेते हैं?"

*

आणि मी हिरॉईन होते ते नाटक. घर सोडून गेलेला बाप खूप वर्षांनी परत येतो, दार वाजवतो. मुलगी उघडते की नाही, ते अगदी शेवटी कळतं.

माझ्या बाबांना नाटकाचं वेड मुळीच पसंत नव्हतं. ते रोलिंग मिलमध्ये. "मले नाईट शिफ्ट हाये," एवढंच म्हणाले. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

प्रयोग रंगला. पण शेवटच्या अंकाआधी मागच्या रांगांतले नाईट शिफ्टवाले टिफिन उचलून निघाले. इतका राग आला! त्याच रागात मी शेवटचा सीन असा केला, की टाळ्या थांबेनात.

सकाळी बाबा ड्यूटीवरून आले. बूट काढले, आईनं चहा दिला. बशीतून नजर वर न उचलता त्यांनी विचारलं, "बेबी, मंग त्या पोरीनं दार उघडलं का?"

मी म्हटलं, "उघडलं, बाबा."

बाबांनी बशी खाली ठेवली. "पाह्य! मी रातभर सांगून राहिलो मिलमधल्या मिश्राले, उघडन म्हणून. मानूनच नाही राहिला!"