समोरच्या डोंगराचं नाव

त्या हिवाळ्यात आमच्या गोबीच्या माळावर बर्फ दगडासारखा घट्ट बसला आणि गवत त्याच्याखाली अडकून पडलं. माझ्या शेजारच्या त्सेंदसुरेनआजीच्या दोनशे मेंढ्या उपाशी होत्या. चाऱ्याचा ट्रक निघाला होता, पण भलत्याच डोंगराकडे.

आमच्याकडे डोंगर समोर दिसत असताना त्याचं नाव घेत नाहीत. नुसतं ‘खैरखान’ म्हणतात, म्हणजे मायाळू. आजीने ट्रकवाल्या गोंचिगला फोनवर तेच सांगितलं होतं, आणि आमच्या तालुक्यात असे खैरखान चार!

फोन लागतो तो फक्त टेकडीवरून, आणि तिथून डोंगर समोरच. आजी पुन्हा टेकडी चढली.

“आजी, कुठला खैरखान? नाव सांगा की!” गोंचिग ओरडला.

“नाव कशाला? डोळे आहेत ना तुला? मिठाचं तळं डाव्या हाताला ठेव. तीन गोठलेले ओढे ओलांड. मग बसलेल्या उंटासारखा तांबडा कडा दिसेल, त्याच्यावर बर्फ टिकत नाही. त्याच्या पायथ्याशी माझा तंबू.”

“आणि चुकलो तर?”

“तर तू गोबीचा नव्हेस, मेल्या!”

दुपारी ट्रक आला. मेंढ्या चाऱ्यावर तुटून पडल्या.

“आता तरी नाव सांगा,” गोंचिग म्हणाला.

आजीने त्याला ट्रकमागे नेलं. डोंगर आड झाला, तेव्हा तिने त्याच्या कानात नाव सांगितलं.

मोठं देखणं नाव आहे. मी ते इथे लिहीत नाही, कारण लिहिताना डोंगर समोर आहे.